पिलांवरची मरळ

मृग नक्षत्र लागले की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत माशांचा विषय हमखास निघतो. कोणी वलगणीच्या माशांच्या आठवणी लिहून पाठवितो, तर कोणी विचारतो की बावखलातील मरळ गळाला कशी लागते, तिला गांडूळ लावावे की जिवंत मासळी, आणि बूच वापरावे की नाही. या खेपेस अशा वाचकांना सविस्तर उत्तर देण्याचे आम्ही ठरविले आहे. गेल्या पावसाळ्यात हैदराबादेस नारायणगुड्यात आमचा आठ दिवस मुक्काम होता आणि तेथे या विद्येतील एका जाणत्या गृहस्थांच्या शेजारी बसून चार गोष्टी शिकण्याचा योग आला. विद्या शिकलो, तशी एक चूकही आमच्या हातून घडली. दोन्ही सांगणार आहोत.

हे गृहस्थ मूळचे आमच्याच वसई भागातले. आम्ही त्यांना काका म्हणतो. रेल्वेच्या नोकरीने ते तरुणपणी तिकडे गेले आणि काचीगुडा स्थानक जवळ म्हणून नारायणगुड्यात त्यांनी बिऱ्हाड केले. मराठी शेजार मिळेल ही आशाही होतीच. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे त्या शहरात मराठी कुटुंबे पूर्वीपासून आहेत. नारायणगुड्यातील केशव मेमोरियल शाळेला केशवराव कोरटकरांचे नाव आहे, ते उगीच नव्हे. सेवानिवृत्तीनंतर मुले म्हणाली, आता वसईला चला. काका गेले नाहीत. त्यांच्या पत्नी नारायणगुड्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत विसावल्या आहेत, आणि रविवारची मिस्सा आटोपल्यावर तेथे जाऊन यावयाचे हा त्यांचा नेम. त्यांचा दुसरा नेम गळाचा. तो मात्र त्यांनी वसईच्या बावखलावरून सोबत नेला.

तेलंगणात मरळीला कोर्रमीनू म्हणतात आणि तिचा मान मोठा. राज्याने तिला आपला राज्यमासा मानले आहे. हैदराबादच्या रामनगर बाजारात रोहू-कटला बर्फावर निजलेले असतात, पण मरळ पाण्याच्या टोपात वळवळत असते आणि गिऱ्हाईक बोट दाखवील तीच बाहेर निघते. काटे थोडे, मांस घट्ट, म्हणून आजारातून उठलेल्या माणसाला तिचा रस्सा देण्याची चाल आपल्याकडे आहे तशीच तिकडेही आहे. मृगाच्या दिवशी तर मासा खाल्लाच पाहिजे असा तेथील लोकांचा रिवाज. त्याच दिवशी बत्तिनी गौड घराण्यातील मंडळी दम्याच्या रोग्यांना औषध देतात. मरळीच्या दोन-तीन इंच लांबीच्या जिवंत पिलाच्या तोंडात औषध घालून ते पिलू रोग्याला गिळावयास लावतात. त्यासाठी देशभरातून हजारो माणसे येतात. या उपायाला शास्त्रीय आधार सापडलेला नाही, आणि आमच्या दमेकरी वाचकांनी त्याच्या भरवशावर डॉक्टरांचे औषध सोडू नये, एवढे येथे सांगून ठेवतो.

मरळ टोपात जिवंत राहते याचे कारण तिच्या श्वासात आहे. कल्ल्यांच्या वर तिच्या डोक्यात हवा घेण्याची एक जागा असते. पाण्यातील प्राणवायू तिला पुरत नाही; थोड्या थोड्या वेळाने वर येऊन तिला हवेचा घोट घ्यावाच लागतो, आणि वर येऊ दिले नाही तर पाण्यातला हा मासा पाण्यातच गुदमरून मरतो. म्हणूनच चिखलाच्या, शेवाळाच्या, जेथे दुसरा मासा तग धरणार नाही अशा तळ्यांत ती सुखाने राहते. गळ टाकणाऱ्याला मात्र हा घोट म्हणजे पत्ता. कमळाच्या पानांशेजारी "डुबुक" असा आवाज होतो, एक वर्तुळ पसरते, आणि मरळ कोठे आहे हे काठावर बसलेल्याला कळून चुकते.

आता गळाकडे वळू. काकांचे साहित्य पाहून तुम्हांला हसू येईल. एक बांबूची काठी, तंगूस, मोरपिसाचा दांडा, शिशाचा बारीक मणी आणि एक मजबूत गरी. मोरपिसाचा दांडा हे त्यांचे बूच. तो हलका असतो, पाण्यावर उभा राहतो आणि आमिषाने नुसती शेपटी हलविली तरी थरथरून सांगतो. आमिष पृष्ठभागापासून वीतभर खाली लोंबते ठेवावयाचे. का, तर मरळीचे डोळे डोक्याच्या वरच्या अंगाला असतात आणि खालचा जबडा पुढे आलेला असतो. तिची नजर आणि तिचे तोंड दोन्ही वर. शिवाय आमिष तळाला गेले की चिखलात रुतते, शेवाळात दडते आणि तुम्ही तासभर शेवाळाला खाऊ घालीत बसता. बूच म्हणजे केवळ मासा लागल्याची खूण नव्हे. आमिषाला त्याच्या जागी टांगून धरणारी ती खुंटी आहे.

आमिष म्हणून बोटभर लांबीची जिवंत मासळी उत्तम. तिला गरी लावावयाची ती पाठीवरच्या पराच्या बुडाशी, फक्त कातडीतून. कण्याला धक्का लागला की मासळी मेली, आणि मेलेल्या मासळीकडे मरळ फारशी बघत नाही. गांडूळही चालते, परंतु त्याला बारीकसारीक मासे कुरतडून संपवितात. आमच्या लहानपणी आम्ही सर्रास बेडूक लावीत असू. ते आता करू नये. भातावरचे किडे बेडूक खातो, हे शेतकऱ्याला आम्ही काय सांगावे? बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठविण्याचा धंदा सरकारने १९८७ साली बंद केला, त्यामागे हीच काळजी होती.

बूच बुडाल्याबरोबर ओढू नये हे जुने मच्छीमार सांगतात आणि ते खरे आहे. मरळ आमिष आडवे धरते, थोडी दूर जाते, मग तोंडात फिरवून गिळते. तिला तेवढा अवधी द्यावा. तथापि फार वेळ दिला तर गरी पोटात उतरते, आणि मग तो मासा परत सोडण्याजोगा राहत नाही.

गळाच्या या जुन्या संसारात दोन वर्षांपूर्वी एक परदेशी पाहुणा आला. काकांची कन्या अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असते. तिचे यजमान तेथील सरोवरांवर वॉलआय नावाचा मासा धरण्यास जातात. त्यांनी सासऱ्यांसाठी एक पुडके धाडले. आत रंगीबेरंगी गऱ्या, आणि प्रत्येक गरीच्या डोक्याला बुचासारख्या हलक्या पदार्थाचा वाटाण्याएवढा गोळा. काकांना वाटले, नातवंडांचे खेळणे चुकून आले!

वॉलआय हा थंड, गोड्या पाण्यातला मासा. मिनेसोटाने १९६५ साली त्याला राज्यमासा केले. त्याच्या डोळ्यांत मांजराच्या डोळ्यांसारखा प्रकाश परतविणारा पडदा असतो, म्हणून अंधुक उजेडात तो चांगला पाहतो आणि पहाटे व तिन्हीसांजेला शिकारीस निघतो. तो बहुधा तळाच्या आसपास वावरतो. आमिष त्याच्यासमोर न्यावयाचे तर तळाशी न्यावे लागते, आणि तळाशी नेले की ते दगडगोट्यांत अडकते. यावर त्या लोकांनी युक्ती काढली. शिसे तळावर बसवावयाचे, त्याच्यापुढे दोन-तीन हात दोरी मोकळी सोडावयाची आणि तिच्या टोकाला ही तरंगणारी गरी. शिसे खाली ओढते, गोळा वर उचलतो, आणि मधल्या मध्ये गांडूळ, जळू किंवा लहान मासळी तळापासून हातभर वर जिवंतपणी नाचत राहते. आपले बूच आमिषाला वरून टांगते, त्यांचे बूच खालून उचलून धरते. विद्या एकच, टोक तेवढे उलटे.

काकांनी त्या गऱ्या मरळीवर चालवून पाहिल्या. शिसे लावून टाकल्या तेव्हा शिसे चिखलात गेले आणि मागून दोरीही गेली. मग त्यांनी शिसे काढून टाकले आणि नुसती तरंगती गरी मासळीसह पानांच्या मोकळ्या जागेत सोडली. त्या दिवशी दोन मरळी मिळाल्या. पण शेवाळात उघडी गरी वारंवार अडकते, पुडक्यातल्या निम्म्या गऱ्या तळ्याने खाल्ल्या, आणि काका पुन्हा मोरपिसावर आले. आमचेही मत तेच आहे. ज्या पाण्याची जी युक्ती, ती त्या पाण्यावरच्या माणसांनी पुष्कळ वर्षे बसून काढलेली असते.

जावयांच्या पत्रात आणखी एक गोष्ट होती, ती मात्र काकांनी उचलली. उरलेले जिवंत आमिष सरोवरात ओतणे तेथे गुन्हा आहे. एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात गेला की काय अनर्थ होतो, हे त्या देशाने पाहिले आहे, आणि गंमत अशी की त्यात मरळीचीच जात होती. मेरीलँड राज्यात क्रॉफ्टन गावच्या एका तळ्यात कोणी चीनकडील मरळीची जोडी सोडली. २००२ साली तेथे पिलेच पिले आढळली आणि अखेर औषध घालून तळ्यातले सगळे मासे मारावे लागले. त्याच वर्षी तेथील केंद्र सरकारने मरळीच्या सर्व जाती जिवंत आणण्यास बंदी केली. आमचा राज्यमासा त्यांच्या दारी गुन्हेगार ठरला! तेव्हापासून काका बाजारातून आमिष आणीत नाहीत. ज्या तळ्यात गळ टाकावयाचा त्याच तळ्याच्या काठावर मच्छरदाणीच्या फडक्याने मासळी धरतात आणि उरलेली तेथेच सोडतात.

एवढी तयारी सांगून झाल्यावर आता त्या दिवसाकडे येतो. श्रावणातला दिवस होता. शहराबाहेर एका लहान तळ्यावर काका आम्हांला घेऊन गेले. हुसेनसागर नारायणगुड्याहून जवळ खरा, पण शहराचे सांडपाणी त्यात वर्षानुवर्षे मिसळत आले आहे. त्यातला मासा खाण्यास काकांचे मन घेत नाही. या लहान तळ्याचा ठेका गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे, आणि काकांनी त्यांची परवानगी काढून ठेवलेली. संस्थेचा एक वयस्क सभासद, गंगपुत्र समाजातला, बांधावर जाळे दुरुस्त करीत बसला होता. त्याने आम्हांला एक हिशेब सांगितला. रोहू-कटल्याचे बीज सरकारकडून मिळते, पावसाळ्यात तळ्यात सोडतात. मरळ मात्र या तळ्यात कोणी सोडीत नाही. ती आपल्या पिलांवर चालते, आणि बाजारात रोहूपेक्षा कितीतरी अधिक भाव तिलाच. "ही आमची न पेरलेली शेती," तो म्हणाला.

पाऊस नुकताच थांबला होता. आम्ही एका कोपऱ्यात गळ टाकला. अर्धा तास काही नाही. मग आमच्या बुचापासून दहा-बारा हातांवर पाण्याचा एक तुकडा आम्हांला वेगळा दिसला. परातीएवढी जागा, तांबूस रंगाची, आणि भाताला आधण यावे तशी वरून रटरटणारी. ती जागा हळूहळू सरकत होती.

काकांनी पाहिले आणि हळूच म्हणाले, "पिले आहेत. काठी उचला."

येथे मरळीची एक रीत सांगितली पाहिजे. बहुतेक मासे अंडी घालून निघून जातात. तो वॉलआयसुद्धा वसंतात बर्फ वितळल्यावर गोट्यांवर अंडी टाकतो आणि पुन्हा वळून पाहत नाही. माणसांनीच त्याची काळजी घेऊन तेथे विणीच्या दिवसांत गळबंदी केली आहे, मे महिन्यात ती उठते. मरळ तशी नव्हे. ती शेवाळ तोडून पाण्यात एक मोकळे वर्तुळ करते. तीत तरंगणारी अंडी घालते आणि पुढे कित्येक दिवस ती जोडी, विशेषतः नर, त्या अंड्यांखाली आणि मग त्या तांबड्या पिलांखाली पहारा करीत फिरते. पिले हवा घेण्यास घोळक्याने वर येतात, त्यानेच पाणी रटरटते. त्या घोळक्याजवळ बेडूक, मासळी, काहीही आले की खालून मरळ तुटून पडते. भूक नसली तरी पडते. म्हणून मरळ धरण्याचा सर्वांत सोपा, अगदी नवशिक्यालाही हमखास साधणारा काळ तोच. आणि ती वर काढली की चिमुकल्या माशांपासून बगळ्यांपर्यंत सर्वांना त्या हजारो पिलांचे ताट मोकळे होते.

हे आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही. बारा वर्षांचे असताना आमच्या वाडीतल्या बावखलात आम्ही बेडूक लावून अशीच एक मरळ काढली होती. शुक्रवार होता, घरात मांस नव्हते, आणि आम्ही फुशारकीने मासा स्वयंपाकघरात नेला. आजीने विचारले, "पिलांवरची होती का रे?" आम्ही हो म्हणालो. ती रागावली नाही. तिने मासा साफ केला, रांधला, सर्वांना वाढला, आणि आपल्या ताटात फक्त भात आणि लोणचे घेतले. दुसऱ्या दिवशी बावखलात तो तांबडा घोळका निम्मा दिसला. आठवड्याने काहीच दिसेना. पुढे ते बावखलच भरणी घालून बुजविले गेले, तेव्हा आमच्या अपराधाचा पुरावाही राहिला नाही.

एवढे सारे मनात असून, काकांनी सांगितल्यावर, आम्ही काठी लगेच उचलली नाही. खरे तेच लिहावे. घोळका आमच्या बुचाकडेच सरकत होता आणि आमचा हात म्हणाला, आणखी एक क्षण. पुढे गुन्हा आहे हे माहीत असताना माणूस तो क्षण मागून घेतो. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणे १८९७ च्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे. पण या एका क्षणावर पहारा ठेवणारा शिपाई आम्हांला तेथे दिसला नाही.

बूच बुडाले नाही, ते उडाले. काठी वाकली, पाणी फुटले आणि आमच्या हातांनी, आम्हांला न विचारता म्हणावे इतक्या सवयीने, मासा काठावर ओढला. दीड किलोच्या आसपास भरला असता. काळसर पाठ, पांढुरके पोट, आणि तोंड उघडे. आमिष गिळलेले नव्हते. ते खाण्यासाठी धरलेलेच नव्हते. गरी जबड्याच्या कडेला लागली होती.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी आधी दोन्ही हात पाण्यात भिजविले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. मग गुडघे टेकून त्यांनी एका हाताने मरळ धरली, दुसऱ्याने गरी उलटी फिरवून काढली आणि मासा उथळ पाण्यात ठेवला. तो पळभर तसाच राहिला. मग शेपटीचा एक फटका, आणि गढूळ पाणी मिटले.

घोळका मात्र फुटला होता. एक तांबडी परात होती, तेथे आता चार-पाच लहान ठिपके दिसत होते, आणि त्यांच्याभोवती लहान माशांच्या चकाकणाऱ्या उड्या सुरू झाल्या होत्या. प्रत्येक उडी कशासाठी, हे सांगावयास नको. आम्ही काठी खाली ठेवून उभे राहिलो. बांधावरच्या गंगपुत्राने जाळे बाजूला सारले आणि तोही येऊन पाहू लागला. त्याने आम्हांला बोल लावला नाही. तो फक्त म्हणाला, "बाप परत आला तर जमतील."

पाव तास गेला असेल. कमळाच्या पानांच्या पलीकडे दोन ठिपके एक झाले, मग तिसरा त्यांना मिळाला. पाणी पुन्हा रटरटू लागले, परंतु आधीपेक्षा लहान जागेत. परातीची ताटली झाली होती. तिच्याखाली मरळ होती किंवा नाही हे आम्हांला दिसले नाही. पाणी गढूळ होते आणि अंधारून येत होते. लहान माशांच्या उड्या थांबल्या, एवढे मात्र आम्ही तिघांनी पाहिले.

त्या संध्याकाळी पुन्हा गळ टाकला नाही. काकांनी मोरपिसाचा दांडा पुसून डबीत ठेवला, तंगूस गुंडाळले, आणि आमिषाचे डबडे उचलून ज्या कोपऱ्यात मासळी धरली होती तेथे गेले. डबड्यात सहा मासळ्या उरल्या होत्या. त्यांनी डबडे पाण्यावर तिरपे केले. पाच निघून गेल्या. सहावी थोडा वेळ कुशीवर तरंगली, तेव्हा काकांनी ओंजळीत धरून तिला दोन-तीनदा पुढे-मागे केले आणि ती चालू लागेपर्यंत ते तसेच वाकून राहिले.